न पेरलेलं भात

माझं माहेर अर्नाळ्याचं, आई दारोदार मासळी विकायची, घासाघीस मी तिच्याकडून शिकले, म्हणून सांगते, बाजारात मला कुणी फसवलं नाही, फसवलं ते घरात, सख्ख्या दिरानं.

काय सांगू तुम्हाला, आमच्या शेताच्या खालच्या अंगाला एक पाणथळ आहे, आता अर्धीच उरलीय, तिथे देवभात उगवतं. गवतच ते, ही एवढी लांब कुसळं, कुणी नांगरत नाही की पेरत नाही, आपलं आपण येतं. ऋषिपंचमीला बायकांना बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं, तेव्हा हाच तांदूळ लागतो, आणि तो मी आगाशीच्या बाजारात विकते. इमारतीतल्या बाया म्हणतात, मावशी, गवताला एवढा भाव? मी म्हणते, मग जा, साधं गवत खा.

तर दिरानं ती जागा भरायला काढली, गोखिवऱ्यात आहेत तसे गाळे बांधायचे म्हणे. सातबारा त्याच्या नावावर, माझा नवरा गेलेला, तरी मी अंगणात उभी राहून भांडले, भांडले, चार माणसं जमली, तेव्हा म्हणाला, वयनी, बोंबलू नको, तुझं भात निघू दे, मग भराव टाकतो. सगळ्यांसमोर म्हणाला.

आणि पंचमीच्या दुसऱ्याच दिवशी डंपर! मी धावले, म्हटलं शब्द दिलास ना? तर म्हणतो, काल तू भात विकून आलीस, आता काय राहिलं? अरे मेल्या, काल विकलं ते मागल्या वर्षीचं, यंदाचं आत्ता कुठे फुलोऱ्यावर आलंय, दसऱ्यानंतर पिकणार! बायको दर वर्षी उपास धरते आणि ह्याला भात कधी निघतं ठाऊक नाही. डंपरवालाही हसला. मी मधे उभी राहिले तेव्हा कुठे डंपर थांबला, पण तोवर अर्धं गाडलं होतं.

आता दिवाळी आली. देवभाताचा दाणा पिकला की झडतो, म्हणून आधीच उभ्या लोंब्यांच्या जुड्या बांधून ठेवतात. यंदा मी एकही जुडी बांधली नाही. दीर रोज विचारतो, वयनी, निघालं का? मी म्हणते, नाही निघालं. दाणे पाण्यात पडताहेत, पडू देत. भात निघेपर्यंत थांबायचं बोलला होता, मी काढतच नाही. जिवाला चैन नाही, दिवसातून चारदा बांधावर जाऊन येते, डंपरचा आवाज आला की हातातलं टाकून धावते.

गिऱ्हाइकांना सांगून टाकलंय, पुढच्या पंचमीला कंदमुळांवर भागवा बायांनो, देव तुमचं भलं करो.