झटका मशीन

...अना वरून मलेच म्हनतात, बुढ्यानं गाव फसवलं! मी फसवीन? ज्याले आंगनातली कोंबडी हाकलता येत नाई तो गाव फसवीन? झटका मशीन पाह्यजे म्हनलो, झटका मशीनच म्हनलो. याच्यात माहं काय चुकलं, तुमीच सांगा जी!

पह्यलेपासून सांगतो, दमानं ऐका. माहा लहाना भाऊ मुखरू. वडशापासून इथपर्यंत कोनालेबी इचारा, दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरते ना, तिच्यातल्या नाटकात मरावं त मुखरूनंच! मागच्या मंडईले शेवटच्या प्रवेशात असा पडला... असा पडला का बाया रडाले लागल्या, मानसं उभे राहून 'वन्स मोर! वन्स मोर!' मीबी टाळ्या वाजवल्या जी. पडदा पडला, अना हा काई उठेना.

दवाखान्याची रश्मी सिस्टर धावत आली. छाती दाबून दाबून थकली बिचारी. मंग म्हने, "आजोबा, इथं झटक्याची मशीन असती तर कदाचित वाचले असते. छातीला लावायची, काय करायचं ते ती स्वतःच बोलून सांगते, अन् गरज असली तर काळजाला झटका देते."

झालं! तेच कानात बसलं. काऊन का मुखरूचा पोरगा हेमराज, त्याचंबी काळीज बापासारखंच कच्चं हाये म्हनते डाक्टर. अना यंदा त्याच पार्टात तोच मरनार! नको करू म्हनलो. त म्हने, "मोठेबाबा, बाबाचा पार्ट दुसऱ्याले देऊ?" आता बोला!

निंघालो मी झोला घेऊन. "झटका मशीनसाठी द्या जी..." अना काय सांगू, कोनी नाईच म्हनेना! सोमारीनं जंगलातून येचलेली मोहफुलं टोपलीभर ओतली. गुणवंतराव, जो पाहुन्याले पानी देतानी आंधी गडव्यात किती उरलं ते वाकून पाह्यते, त्यानं धानाचा भरलेला कट्टा काढून देला! माह्या डोळ्याले पानी आलं. म्हनलो, मुखरूवर केवढा जीव होता गावाचा...

मंग ग्रामसभेत सिस्टरनं मशीनीचा फोटो दाखवला. गुणवंतराव उठला. "याले तार कुठी बांधाची?"

"तार नाही काका, हे छातीला चिकटवायचं."

"डुकराच्या छातीले? तो उभा राहीन का बाई?"

तवा माह्या डोक्यात उजेड पडला! रानडुकरं येऊ नाई म्हनून वावराच्या कुंपनाले लावतात, तेबी झटका मशीनच ना! सिस्टर म्हने, "अहो, ही बोलते." त मागून कोनीतरी, "काय बोलते? डुक्करभाऊ, बाजूले व्हा?" सारी सभा हासली. मीबी हासलो. आता याच्यात माहं काय चुकलं?

मंग मी मुखरूचं नाव काढलं. डोक्यावरच्या टोप्या उतरल्या. लोकं वाईट नाईत जी. सोमारी हळूच म्हने, "भाऊ, मुखरूसाठी जीव तुटते आमचा. पन मानूस एकडाव मरते, डुक्कर त रोज येते." माह्याबी वावरात येते ना डुक्कर!

आली मंग कुंपनाची. दिवसरात टकटक टकटक करते. धान वाचला, खोटं काऊन बोलू? लोकं धान पाहून खुश, अना जातायेता मले टोमना, "काय बुढेबाबा, फसवत होता ना आमाले?" याच्यात माहं काय चुकलं!

यंदाची मंडई आली. मी स्टेजच्या खालीच जागा धरली. हेमराजले आंधीच सांगून ठेवलं, "बाबू, मेल्यावर पायाचा आंगठा हालवत राह्यजो. मी खालून पाह्यत राहीन." पोरगं गुनाचं! मेलं, अना हालवाले लागलं... लोकं बोंबलले ना! "अबे, मुर्दा हालून राह्यला! बापाचं नाव बुडवलं रे यानं!" सिट्ट्या काय, खडे काय... मी आपला आंगठ्याकडं पाहून हात जोडून बसलो.

पडदा पडला. हेमराज तोंडाचा रंगबी न पुसता आला, मान खाली. म्हने, "मोठेबाबा, मले मरता नाई येत."

म्हनलो, "नाई येत त शिकू नको, बाप्पा. दुसरी मशीन येत नाई तवरीक असाच खराब मरत जा."