खाली सोड

नाही, पण तुम्हीच सांगा, खाली म्हणजे खालीच ना? वर नव्हे, मध्ये नव्हे, बाजूला नव्हे... खाली. पहिलीच्या वर्गात 'हात वर, हात खाली' करून घेतात तेव्हापासून मला खाली माहीत आहे, आणि त्या एका शब्दापायी मी माझ्या जन्मदात्या बापाला अख्ख्या बिदरसमोर बिनतोंडाचं करून ठेवलं, आणि वर लोक मलाच विचारतात, 'तुळजा, तू एवढी शिकलेली, तुला कळलं कसं नाही?' अहो, शिकलेली आहे म्हणूनच नाही कळलं. अडाणी असते तर विचारलं असतं.

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हीही आमच्या हणमंतप्पा काकांसारखे मधूनच बोलायला लागाल.

मी बिदर जिल्ह्यातल्या दुबलगुंडीची. आमचे अप्पा, पिराप्पा, लहानपणी मेंढरांमागं हिंडले, आता तूर आणि ज्वारी करतात, पण थोडी मेंढरं अजून दारात आहेत, कारण अप्पांना सकाळी उठून कुणाला तरी रागवावं लागतं आणि आई ऐकून घेत नाही. मी डिग्री केली, आता बिदर शहरात मैलूरला मावशीकडं राहून एका शाळेत गणित शिकवते आणि उरलेल्या वेळात चित्रं काढते. चित्रानं माणूस बदलतो, माणसानं गाव बदलतं, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि मला घाई आहे. एवढंच.

पण माझी चित्रं, तुम्हाला सांगते, भरगच्च. लाल माती, त्यावर कडुलिंब, लिंबाखाली म्हैस, म्हशीमागं विहीर, विहिरीमागं घुमट, घुमटावर पारवे, आणि बिदरच्या आभाळात हवाई दलाची विमानं घिरट्या घालतातच, म्हणून एक विमान, आणि विमानाच्या शेपटीपाशी बोटभर जागा उरली तिथं पतंग. आता यात माझा काय दोष? आमच्यात शेजारणीचं भांडं रिकामं परत देत नाहीत. ताक आणलं असेल तर भांडं परत जाताना त्यात मूठभर डाळ, नाहीतर चिमूटभर साखर. नुसतं भांडं उचललं की आई म्हणणार, 'तुळजे, रिकामं कामून न्यायलीस? दोन्ही घरात अवदसा आणायलीस व्हय?' अशा घरात वाढलेल्या मुलीनं कागदाचा कोपरा मोकळा कसा सोडायचा, सांगा ना?

ते चित्र घेऊन मी व्यंकटेश सरांकडं गेले. सर निवृत्त ड्रॉइंग मास्तर, मैलूरलाच राहतात, घरात कानडी, पण माझ्याशी मायेनं मराठी बोलतात. बोलतात म्हणजे काय, मोजकं. चित्राकडं बघत राहिले, बघत राहिले, मला वाटलं आवडलं बहुतेक... तर म्हणाले, "लग्न कुणाचं आहे?"

"लग्न नाही सर. निसर्गचित्र आहे."

"तसं नाही. चित्रात नवरदेव एकच असतो, तुळजा. बाकीचं वऱ्हाड. तू म्हशीला पण बाशिंग बांधलंस, विहिरीला पण बांधलंस. बघणाऱ्यानं अक्षता कुणावर टाकायच्या?"

लागलं हो मला. पण पटलं. मी म्हणाले, मला मांडणी शिकवा, आणि किती दिवसात येते तेही सांगा, महिन्याभरात उरकलं तर बरं. तर आतून सुमती काकू, सरांच्या मिसेस, म्हणाल्या, "महिन्यात? अगं, मी इतकी वर्षं होळगी करते, अजून लाटताना फाटते." होळगी म्हणजे आपली पुरणपोळी. आता पुरणपोळीनं कुठं समाज बदलतो? पण मी गप्प बसले. शिकायला गेल्यावर थोडा अपमान फुकट मिळतो.

पहिला धडा, डोळे किलकिले करून बघ. म्हणजे बारकावे पुसले जातात, नुसते गडद आणि उजळ तुकडे दिसतात, आणि ते तुकडे नीट बसले असतील तर चित्र बसलं. मी काय, दिसेल त्याच्याकडं किलकिले डोळे करून बघायला लागले. मावशीकडं, फळ्याकडं, हुमनाबादच्या बसमध्ये कंडक्टरकडं. कंडक्टरनं बिचाऱ्यानं एका तरण्याबांड माणसाला उठवून मला जागा दिली आणि हळूच विचारलं, "ऑपरेशन कधी हाय, अक्का?"

आणि मग आली कोंबडी.

नव्या चित्रातून मी म्हैस काढून टाकली, विहीर काढून टाकली, विमानसुद्धा गिळलं, पण डाव्या अंगाला एक कोंबडी ठेवली. देखणी होती हो. सरांनी ब्रशच्या मागच्या टोकानं बरोबर तिच्यावर टकटक केलं. "इथं काय केलंस? खाली सोड."

खाली म्हणजे खालीच ना? मी कोंबडी खाली सोडली. पुढच्या रविवारी परत टकटक. "अगं, खाली सोड म्हटलं ना इथं." सोडली अजून खाली, पाय कागदाबाहेर गेले. त्याच्या पुढच्या रविवारी सरांनी कपाळाला हात लावला. "पूर्ण खाली, तुळजा, पूर्ण!" घ्या. मी डोळे मिटून ढकलली. राहिला नुसता तुरा, कागदाच्या कडेला, जसं जास्वंदीचं फूल पडलंय. आणि सरांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "हां... आता चित्राला श्वास आला."

कोंबडी बुडाली आणि चित्राला श्वास आला! कसा? विचारायला नको होतं? होतं. पण मी शिकलेली. शिकलेल्या माणसाला कारण विचारायची लाज वाटते, त्यापेक्षा तो कारण तयार करतो. मी रात्रंदिवस विचार केला आणि माझ्या लक्षात आलं की वस्तू खाली गेल्या की भार जमिनीवर येतो, जमिनीवरची माणसं जमिनीला भिडतात, वर नुसतं आभाळ, अहंकार शून्य. मी त्याला नावसुद्धा दिलं, भूमिनिष्ठ मांडणी. शाळेत मधल्या सुट्टीत सगळ्या शिक्षकांना डबा थंड होईपर्यंत समजावून सांगितली. विज्ञानाच्या मॅडम म्हणाल्या, "छान आहे हो," आणि दुसऱ्या दिवसापासून वर्गातच डबा खायला लागल्या. पण चित्रं सुधारली, हे खरं. जे काढेन ते खाली ढकलायचं आणि सर म्हणायचे, "सरी, सरी," म्हणजे बरोबर.

आता खरी अडचण ऐका. सर वर्षातून एकदा बिदरला एका सभागृहात विद्यार्थ्यांची चित्रं लावतात. ज्याची मांडणी उभी राहिली त्याचंच भिंतीवर. मागच्या वर्षी माझं लागलं नव्हतं. आणि मी येडी, यंदा आधीच अप्पांना सांगून बसले होते की या वेळी तुम्हाला बिदरच्या भिंतीवर नेते, तुम्ही, आई, काका, मेंढरं, सगळे. अप्पांनी त्या दिवशी न्हाव्याला घरी बोलावलं, मिशा कोरून घेतल्या, तांबडा पटका बांधला आणि दारात असे बसले की मेंढरंसुद्धा हलेनात. मी फोटो काढला, त्यावरून चित्र. आणि अप्पांनी गावभर सांगितलं. टेम्पो ठरवला.

चित्र सरांना दाखवलं. मधोमध अप्पा, मिशांसकट. सरांचा ब्रश टकटक... अप्पांच्या नाकावर. "इथं खाली सोड."

सांगा आता. कोंबडीचं वेगळं. बापाला कसं ढकलायचं? तो मिशा कोरून बसलाय. मी म्हणाले, "सर, थोडंच सोडलं तर?" "थोडं नको. सगळं. तरच भिंतीवर." घरी येऊन मी रडले, खरंच रडले. एकीकडं अप्पांची मिशी, एकीकडं कला. भिंतीवर नाही लागलं तर अप्पा तोंडघशी पडणार, आणि लागायचं तर अप्पांचं तोंडच जाणार. शेवटी मनाशी म्हटलं, तुळजा, तत्त्व म्हणजे तत्त्व. आणि सगळं घराणं खाली सोडलं.

राहिलं काय? वर भलं मोठं संध्याकाळचं आभाळ. आणि अगदी तळाला, कडेला, पटके, पदर, काकांचं टक्कल, मेंढरांचे कान, आणि मधोमध अप्पांचा तांबडा पटका, त्याच्याखाली कपाळाची एक चीर. बस. सर बघत राहिले. चष्मा पुसला. म्हणाले, "नवरदेव सापडला तुला." आणि पहिल्या भिंतीवर लावलं.

प्रदर्शनाच्या सकाळी मी पाहुण्यांना माझी मांडणी समजावून सांगितली. 'सगळं खाली सोडायचं,' मी म्हणायचे, आणि शेजारी सर मान डोलवायचे. पाहुणेही डोलवायचे. इतकं सुरेख चाललं होतं... आणि टेम्पो आला.

अप्पा पुढं, आई मागं, काका सगळ्यात मागं पण आवाज सगळ्यात आधी. चित्रासमोर उभे राहिले. मग काका म्हणाले, "पिराप्पा, गावात पूर आलता व्हय रं? आपल्याला कुनी सांगितलं न्हाई."

आई म्हणाली, "कारंजा नदीला पूर आलता तवाबी नाकं वर व्हती आपली."

अप्पा माझ्याकडं वळले. हळू म्हणाले, "बाई, माझं तोंड कुठं हाय?"

"खाली गेलं, अप्पा."

"कामून?"

"सरांनी सांगितलं, खाली सोड."

अप्पा रागावले असते तर बरं झालं असतं. ते मिशीवरनं हात फिरवत सरांकडं गेले, नमस्कार केला आणि म्हणाले, "सर, तुमी माझं तोंड खाली सोडा म्हणलाव व्हय? माझं काय चुकलं असंल तर सांगा."

सर गोंधळले. "मी? नाही हो, तोंडाचं नाही. मी म्हटलं, इथं खाली सोड. म्हणजे... खाली. म्हणजे काही नको. म्हणजे रिकामं!"

आणि सुमती काकू हातातला चहाचा ट्रे तसाच धरून हसायला लागल्या, पेले वाजायला लागले. "अहो, तुम्ही मराठीत कानडी बोलताय. कानडीत खाली म्हणजे रिकामं, त्यांच्या मराठीत खाली म्हणजे तळाला. पोरीनं तुमचं ऐकून सगळ्यांना तळाला घातलं."

खाली म्हणजे... खाली नाहीच! तुम्हाला सांगते, माझी भूमिनिष्ठ मांडणी त्या पेल्यांच्या आवाजात विरघळली. सकाळपासून सर मान डोलवत होते, कारण मी खाली म्हणाले की त्यांना मोकळं ऐकू यायचं. आणि आम्ही दोघं वर्षभर असं बोललो. एकमेकांचं एक अक्षर न कळता. आणि चित्रं सुधारली.

सर म्हणाले, "म्हणजे ही मोकळी जागा तू समजून सोडली नाहीस?"

"समजूनच सोडली सर. पण दुसरंच समजून."

सरांनी चित्राकडं बघितलं, अप्पांकडं बघितलं. मग अप्पांना म्हणाले, "चित्र चांगलं आहे. पण तुमचा मान मोठा. सांगा, काढून ठेवतो."

माझा जीव... काय सांगू. वर्षभराची मेहनत, भिंतीवरची पहिली जागा, आणि निकाल कुणाच्या हातात, तर ज्याचं तोंड मी बुडवलं त्याच्या. अप्पा परत चित्रासमोर गेले. तेवढ्यात तिकडून बिदरच्या दोन बाया आल्या, एकजण म्हणाली, "तो तांबड्या पटक्यावाला कोण असेल गं? रुबाब बघ." अप्पांनी डोक्यावरचा तांबडा पटका जरासा पुढं ओढला, आणि त्या बायांच्या वाटेत आडवे उभे राहिले.

"राहू द्या सर," म्हणाले. "पटका वळखू येतोय."

झालं. मग सगळेच शोधायला लागले. टकलावरनं काका लगेच सापडले, ते म्हणाले हे मी न्हाई, हे मेंढरू हाय. आईनं स्वतःचा पदर ओळखला आणि नणंदेचा आपल्यापेक्षा उंच कामून, यावर भांडण काढलं. त्या दिवशी सगळ्यात जास्त गर्दी माझ्या चित्रापुढं होती, आणि गर्दीतले बहुतेक चित्रातलेच होते.

मला वाटलं सुटले. तर निघताना अप्पांनी चित्राच्या खालच्या भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाले, "सर, हितं जागा हाय की. हिला म्हणावं, उरल्यालं हितं काढ."

सर वाकून बघायला लागले, आणि आयुष्यात पहिल्यांदा दोन्ही भाषांत एकदम बरोबर बोलले. "हो. खाली खालीच आहे."

आता काय? काढतेय, खाली जोडायला दुसरा कागद घेऊन. कपाळाच्या चिरेपासून पुढं, नाकं, मिशा, हात, धोतरं, सगळं घराणं, आणि यात मांडणी कसली, श्वास कसला, नवरदेव कुठला? गुडघ्यापर्यंत आलेय. पुढं जाता येत नाही. अप्पांचा निरोप आलाय की चपला जुन्या आहेत, नव्या घेतो, तोवर तू मेंढरांचे पाय उरकून घे.