सोळा वर्षांवरचा गेम

मोबाइलच्या गेमवर वय काऊन लिहून राह्यते, ते मले यंदा समजलं बाई!

आमच्या गार्गीले, नववीतल्या पोरीले, लढाईचा एक गेम पाहिजे होता. तिच्या बाबानं पाहिलं, तं त्यावर 'सोळा वर्षांवरील' असं लिहून होतं. "नाई जमत," म्हणे. पोरगी रडकुंडीले आली. मंग यांनीच तोडगा काढला, "आधी मी खेळून पाहतो, त्यात एवढं काय वाईट आहे ते."

महिना झाला, तरी यांचं पाहणं सरेना. सिंदी मेघेच्या बाजारात भाजी आणाले पाठवलं, तं माणूस तिथंच गाडीवर बसून गेम खेळून राह्यला!

गार्गीनं विचारलं, "बाबा, काय ठरलं?"

"तपासून राह्यलो न! मधात बोलू नको."

शेवटी मीच पोरीले म्हटलं, "लाव तुह्या बाबाच्या गेमले लॉक." तिनं लावलं आन् पासवर्ड कोणालेच सांगितला नाई.

संध्याकाळी हे तिच्या टेबलाजवळ जाऊन उभे. "बेटा, थोडा वेळ खोलून दे न."

पोरीनं पुस्तकातून मानही वर नाई केली. "नाई बाबा. तुमच्या वयाले हा गेम बरा नाई."