तीस तारखेनंतरचा कॉम्प्युटर

(हॉस्पिटलच्या तळघरातली कृत्रिम पाय बनवायची कार्यशाळा. दुपार. कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर, त्याला जोडलेलं साचे कोरायचं मशीन.)

सिस्टिमवाली : काका, मी धमकी देत नाहीये. फक्त तारीख सांगतेय. तीस.

कारागीर : अगं पण चालतोय ना तो! बारा वर्षांत एकदासुद्धा रुसला नाही बिचारा.

सिस्टिमवाली : चालतोय म्हणूनच तुम्हाला पटत नाही. कॉम्प्युटर बंद पडणार नाहीये. त्यातला अँटीव्हायरस जुना आहे, आणि त्या जुन्याला कंपनी तीस तारखेनंतर अपडेट देणार नाही. नवा व्हायरस आला तर याला ओळखूसुद्धा येणार नाही.

कारागीर : मग नवा टाक.

सिस्टिमवाली : नवा या जुन्या विंडोजवर बसत नाही.

कारागीर : मग विंडोजही नवं टाक. माझी कुठे ना आहे?

सिस्टिमवाली : टाकते. मग तुमचं हे मशीन चालणार नाही. मशीनच्या कंपनीला विचारावं, तर...

कारागीर : तिला टाळं लागून नऊ वर्षं झाली.

सिस्टिमवाली : आणि नव्या मशीनचा अर्ज चार वर्षं वर पडून आहे. झालं? फिरून फिरून आपण इथेच.

कारागीर : मग राहू दे असाच. काय आहे याच्यात चोरण्यासारखं? लोकांच्या पायांची मापं. कोण नेणार?

सिस्टिमवाली : चोरायला नाही, आत शिरायला. अख्खं हॉस्पिटल याच तारेवर आहे. दोन वर्षांपूर्वी अकरा दिवस ऑपरेशनं खोळंबली, तो व्हायरस तुमच्या पेनड्राइव्हमधून आला होता. माझ्या आधीच्या साहेबांनी तुम्हाला सूट दिली, आणि घरी त्यांना बसावं लागलं.

कारागीर : ते बोलून दाखवायची गरज नव्हती, पोरी.

सिस्टिमवाली : चुकलंच माझं. पण आता डोळेझाक करणं माझ्या हातात नाही. तीसला ज्या कॉम्प्युटरवर जुन्या अँटीव्हायरसची लाल फुली, तो नेटवर्कमधून आपोआप बाहेर. मला बोटही लावावं लागत नाही.

कारागीर : म्हणजे वरच्या स्कॅनरवरची मापं खाली येणार नाहीत.

सिस्टिमवाली : नाही. आणि पेनड्राइव्ह तर तेव्हापासून बंदच आहे.

मुलीची आई : काका, येऊ का आत? दोनच मिनिटं.

कारागीर : या ताई, या. आमची भिंगरी कुठाय?

मुलीची आई : बाहेर बाकावर. रुसलीय. अहो, पुन्हा घासायला लागलाय पाय. गुडघ्याखाली लालभडक होतंय. पाच महिन्यांत केवढी वाढली, सगळे फ्रॉक आखूड झाले! आता वर्गात पाय काढूनच ठेवते. मधल्या सुट्टीत जागेवरून उठत नाही म्हणे.

कारागीर : वाढणारच हो. वर स्कॅनला कधी बोलावलंय?

मुलीची आई : पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला. त्याआधी जागाच नाही म्हणाले. चालेल ना?

कारागीर : चालेल. तोवर आत पातळ मोजा घाला. आणि सलग दोन तासांच्या वर नको.

मुलीची आई : तुम्ही म्हणालात, मला काळजी नाही. येते. पुस्तक घ्यायचंय तिला अजून, नाहीतर घरापर्यंत तोंड उघडायची नाही.

सिस्टिमवाली : काका, पाच तारखेला कसं चालेल?

कारागीर : मग काय सांगायचं होतं? पोराची वाढ काय आगाऊ कोरून ठेवता येते?

सिस्टिमवाली : एक वाट होती. मध्ये वेगळी पेटी बसवायची, पहारेकऱ्यासारखी. स्कॅनरच्या फाइली तेवढ्या आत सोडेल, बाकी कुणालाही नाही. वर्षभराची सूट मिळते तशी. मीच मांडलं होतं समितीपुढे. फेटाळलं.

कारागीर : का?

सिस्टिमवाली : तुमच्यामुळे! त्यांनी विचारलं, मशीनशिवाय काम होईल का? तुम्ही छाती पुढे काढून म्हणालात, मशीन यायच्या आधीपासून मी प्लास्टरचे साचे हातानं घडवतोय, माझं काही अडत नाही. लिहून घेतलं त्यांनी. दुसरा मार्ग उपलब्ध, विषय संपला.

कारागीर : हं.

सिस्टिमवाली : तर मग करा हातानं. माझ्याशी भांडताय कशाला, तेच मला कळत नाही. हे घ्या, नेटवर्क तोडायला हरकत नसल्याचं पत्र. सही करा.

कारागीर : ठेव तिथे. करतो नंतर.

सिस्टिमवाली : सोमवारपासून नंतर, नंतर चाललंय. हे पेन. काका, खिशातला हात तरी काढा बाहेर.

कारागीर : काढायलाच हवा?

सिस्टिमवाली : म्हणजे?

कारागीर : बघ. बघून घे एकदाचं.

सिस्टिमवाली : अरे देवा. हे कधीपासून?

कारागीर : दीड वर्ष. कानस धरली की थरथर जास्तच होते. मशीनचं बटण काय, डाव्या हातानंही दाबता येतं. साचा मशीन कोरतं, शेवटचा हात पॉलिशवाली मावशी मारते. तिला सोडून कुणाला पत्ता नाही.

सिस्टिमवाली : आणि तरी मीटिंगमध्ये तसं बोललात?

कारागीर : सगळे माझ्याकडे बघत होते गं. होणार नाही म्हणालो असतो, तर का नाही ते विचारलं असतं. तीन वर्षं राहिलीत माझी. अठ्ठावीस वर्षं माणसं उभी करतोय इथे. घरी बसून काय करू?

सिस्टिमवाली : मला कशाला सांगितलंत हे! आता मीही अडकले. बोलले तर तुम्ही जाता, गप्प बसले तर मशीन.

कारागीर : मशीन मावशी चालवते, माझ्यापेक्षा सफाईनं. हातानं साचा घडवणं मात्र तिला येत नाही.

सिस्टिमवाली : म्हणजे मशीन राहिलं, तर तुमच्याशिवाय पाय होतात.

कारागीर : आणि मशीन गेलं, तर मी असूनही होत नाहीत.

सिस्टिमवाली : काका, मला तसं म्हणायचं नव्हतं.

कारागीर : तू कुठे म्हणालीस? मीच म्हणालो. त्या पेटीचा अर्ज पुन्हा देता येतो का?

सिस्टिमवाली : उद्या दुपारपर्यंत. पण कारण लेखी लागतं. समितीतले सातही जण वाचतात ते.

कारागीर : वाचू देत. बस, लिही.

सिस्टिमवाली : आधी घरी तरी बोला. काकूंना माहितीये?

कारागीर : वर्षभर ती मला चहा अर्धाच कप देते. मग पुन्हा अर्धा. बोलली काही नाही.

सिस्टिमवाली : बरं, सांगा. लिहिते.

कारागीर : मशीनशिवाय काम होईल असं मी मीटिंगमध्ये सांगितलं, ते खोटं होतं.

सिस्टिमवाली : चुकीचं होतं, असं लिहू?

कारागीर : खोटं लिही. पुढे. माझा उजवा हात दीड वर्षापासून थरथरतो. हातानं साचा घडवणारं इथे आता कुणी नाही.

सिस्टिमवाली : लिहिलं. इथे खाली सही.

कारागीर : दार लाव जरा. वेळ लागतो मला.

सिस्टिमवाली : लागू दे. लावलंय मी.