गोल कन्फर्म होईपर्यंत

फुटबॉल बघताना आनंद कधी करायचा, हे हल्ली आम्हाला रेफरी सांगतो. परवा संध्याकाळी इंद्रलोक भागातल्या आमच्या घरी मी आणि मेहुणा नितीन मॅच बघत होतो. आमच्या टीमने गोल केला, आम्ही सोफ्यावर चढून नाचलो, नितीनचा चहा माझ्या शर्टवर सांडला. मग व्हिडिओवर तपासणी सुरू झाली. बायकोचे पोहे होईपर्यंत ती चालली आणि कळलं, आमच्या खेळाडूचा खांदा बोटभर पुढे, म्हणजे ऑफसाइड होता. गोल रद्द. वा, काय न्याय!

नंतर आम्हाला पेनल्टी मिळाली. बॉल जाळ्यात गेला, पण किकच्या आधी कुणी पेनल्टीच्या चौकटीत घुसलं का, याची परत तपासणी. या वेळी आम्ही शहाण्यासारखे हात जोडून गप्प बसलो.

इतक्यात खालचे जिग्नेशभाई आले. एरवी आमच्या आरडाओरड्याची तक्रार करायला येतात. ही शांतता आणि आमचे चेहरे बघून ते हळूच माझ्या शेजारी बसले.

"कब हुआ?"

"अभी, दो मिनट पहले," मी टीव्हीवरून नजर न काढता म्हणालो. "लेकिन कन्फर्म नहीं है."

"भगवान करे, कुछ हुआ ही ना हो."

नितीन भडकला. "ऐसा मत बोलो! हुआ है! हमने आँखों से देखा है!"

तेवढ्यात रेफरीने गोल दिला. आम्ही दोघे परत सोफ्यावर! जिग्नेशभाई उठून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोने माझ्या बायकोला लिफ्टमध्ये गाठलं. "भाभी, गुजर कौन गया? और ये दोनों इतने खुश क्यों थे?"