डावा हात कुठं?

(खुर्सीपार, भिलाई. सप्टेंबर १९९३, विश्वकर्मापूजेचा दुसरा दिवस. घराला लागून असलेलं सोफा-खुर्च्यांचं दुकान. श्यामराव, त्यांची बायको कलावती आणि दुकान चालवणारी मुलगी वसुंधरा.)

वसुंधरा : नाही म्हनजे नाही, बाबा. हातोडी मागा, रंधा मागा, देते. गन नाही.

श्यामराव : हातोडी घेऊन काय करू? हातोडीले दोन हात लागते. एकानं खिळा धरा, एकानं मारा. माहा एकच चालू हाय. तुही पिना मारायची हवेची गन एका हातानं चालते, म्हनून तं मागून राहिलो.

वसुंधरा : चालते एका हातानं. पन दुसरा हात तेव्हा कुठं राहीन? उन्हाळ्यात उकळत्या चाहाच्या गंजावर डावा हात टेकला तुमी. फोड आला तरी पत्ता नाही. आईनं पाह्यलं तेव्हा समजलं.

श्यामराव : तो चाहा होता.

वसुंधरा : अन् ह्याच्यातून पिन सुटते! ऐंशी पौंडाच्या हवेनं. लाकडात जाते तशीच हातात जाते. तुमाले तं दुखनार बी नाही, तुमी पुढची पिन मारायले लागसान.

कलावती : सकाळी सकाळी लागले बापलेक. चाहा प्या आधी, थंडा होऊन राहिला. अन् खुर्ची माही हाय म्हटलं. मले कोनी इचारून नाही राहिलं.

श्यामराव : तुह्याच खुर्चीचं चालू हाय. मी कापड चढवतो म्हनलं, तं मालकीनबाई नाही म्हनते. आठ महिने झाले लकवा होऊन. पेपर वाचा, गोळी खा, स्टील प्लांटचा भोंगा आयका. दुसरं काही करू देत नाही. रिटायर तं मले सरकारनं केलं होतं, वसू. कामावरून तुनं काढलं.

वसुंधरा : असं नका बोलू न, बाबा.

श्यामराव : जे हाय ते बोललो.

वसुंधरा : बरं, दुसरं काही करा. ते ऑफिसच्या ऑर्डरचे फोम कापून द्या.

श्यामराव : फोम तुहा कारागीर सुखराम कापते. खुर्ची मीच करीन. दर दसऱ्याले तुह्या आईले म्हनत होतो, अवंदा कापड बदलवतो. वीस दसरे गेले. प्लांटच्या पॅटर्न शॉपमधून, दिवसभर लाकडाचे साचे बनवून, घरी येईपर्यंत हातात जीव नाही राहे. आता टाइमच टाइम हाय, तं हात नाही.

कलावती : मी कधी मागितलं का नवीन कापड? फाटली तं फाटली. चादर टाकून बसते मी.

श्यामराव : तेच तं मले पाहवत नाही.

वसुंधरा : आई, हे खुर्ची माह्याएवढी हाय न?

कलावती : दोन महिन्यानं मोठी. तू पोटात होती. सेक्टरमधल्या प्लांटच्या क्वार्टरमंधी आमच्याजवळ एक बाज अन् एक स्टो. मले खाली बसून उठनं होये नाही. यायनं एक दिवस सायकलवर फळ्या बांधून आनल्या. म्हटलं, चुलीसाठी लाकूड आनलं वाटते.

श्यामराव : चुलीसाठी! रशियाच्या मशिनीच्या पेटीच्या फळ्या होत्या त्या. मशिनी उतरल्या, पेट्या भंगारात गेल्या. मी गेटपास बनवून आनल्या. असं लाकूड मंग कधी हाताले लागलं नाही. रंध्याखाली वास येये, सारं घर भरून जाये.

वसुंधरा : मी लहान होती तं खुर्चीखाली झोपून फळीवरचे ते काळे रशियन अक्षरं पाहत बसत होती. मले वाटे, तुमचं नाव लिहिलं हाय. शाळेत सांगतलं बी मी, की माह्या बाबाचं नाव रशियात छापते.

श्यामराव : कोन्या इंजिनियरनं वाचून सांगतलं होतं. म्हने, 'हे बाजू वर ठेवा' असं लिहिलं हाय.

कलावती : आनि तुमी ते खाली लावलं.

श्यामराव : मले का मालूम? तीस वर्षं तू वरच्या बाजूच्या वरतं बसली, असं समज.

कलावती : पाह्य, कसे बोलते. डॉक्टर म्हने, यायची जीभ जड झाली, बोलनं समजत नाही. मले एक एक शब्द समजे. जिंदगीभर ओठात दहा-बारा खिळे धरून बोलले हे. 'कला, पानी दे' तं खिळ्यातून. 'कला, पगार झाला' तं खिळ्यातून. लकव्यानं नवीन काय केलं?

वसुंधरा : मले ते खिळे आठवते. एक एक जिभेनं समोर येये, तुमी घ्या, दोन ठोके, खलास. मी बी तोंडात धरले होते एकदा.

श्यामराव : अन् मी तुह्या पाठीत एक धपाटा ठेवला होता.

वसुंधरा : अन् मंग हातोडी हातात देल्ली तेव्हा काय झालं होतं, आठवते?

श्यामराव : पहिल्याच दिवशी तुनं अंगठा ठेचला. नऊ वर्षाची होती. नख काळं पडलं. तुही आई माह्यासंगं दोन दिवस बोलली नाही.

कलावती : तीन.

वसुंधरा : मंग तुमी सुरू केलं. हर ठोक्याले, 'डावा हात कुठं?' मी म्हनायचं, 'दिसते.' मंगच मारायचं. मैत्रिनी खिडकीतून हसत. 'तेरे बाबा को तेरा हाथ नहीं दिखता क्या?' मले असा राग येये! अन् आता? आता गन उचलली की मीच मनात म्हनते. कधी तोंडातून निघून जाते. सुखराम म्हनते, 'दीदी, किससे बात कर रही हो?'

श्यामराव : मंग इचार न मले. जशी मी तुही परीक्षा घेतली, तशी तू घे. फेल झालो तं पुन्हा नाव नाही काढनार.

वसुंधरा : पक्का?

श्यामराव : पक्का. पन पास झालो तं देशीन?

वसुंधरा : पाहू. पिन अडकली तं काय करसान?

श्यामराव : पहिले पाइप काढतो. हवा बंद. मंग उघडतो.

वसुंधरा : पिना भरायच्या असल्या तं?

श्यामराव : तेव्हा बी पाइप काढून.

वसुंधरा : बोट कुठं?

श्यामराव : घोड्याच्या बाहेर. नाक लाकडाले टेकलं, जागा पाह्यली, तेव्हा बोट घोड्यावर. अन् तोंड कोनाकडं करायचं नाही. रिकामी असली तरी नाही.

वसुंधरा : डोळे?

श्यामराव : चष्मा खुंटीले हाय. प्लांटचाच. रिटायर झालो त्या दिवशी टांगला होता.

वसुंधरा : अन् लाकूड?

श्यामराव : लाकडाचं मले इचारते? गाठ असली नाही तं जुना खिळा असला, तं पिन वळते अन् बाजूनं निघते. म्हनून समोर बी हात नको, बाजूले बी नको. ह्या खुर्चीत बावीस खिळे हाय माहे. कुठं कुठं हाय ते डोळे मिटून सांगतो.

वसुंधरा : हे सारं तुमाले कोनं सांगतलं?

श्यामराव : तूच. सुखरामले शिकवत होती तेव्हा मी पडद्यामागं बाजेवर होतो. चार महिने आयकून राहिलो. तुह्यावानी शिकवत नाही कोनी. मी तं नुसता ओरडत होतो.

वसुंधरा : ... तुमी झोपले असान असं वाटे मले.

कलावती : झोपते कुठं हे. कम्प्रेसर सुरू झाला की डोळे उघडे.

वसुंधरा : ठीक हाय. पाठ तं हाय तुमचं. पन पाठ असनं अलग अन् हाताले सवय असनं अलग. मी एक पट्टी मारून दाखवते, तुमी पाहा. नंतर ठरवू. आई, तू तिथंच बस, उठू नको. ते पाइप दे फक्त इकडं.

कलावती : हे घे. लय जड हाय वं मेला.

वसुंधरा : हे आसं लावायचं, खट वाजेपर्यंत दाबायचं, अन् मंग...

श्यामराव : थांब! वसू, लावू नको! पाइप खाली ठेव.

वसुंधरा : काय झालं?

श्यामराव : खाली ठेव पहिले. ठेवलं? आता घोड्याले पाह्य.

वसुंधरा : काय हाय घोड्या... अरे देवा.

कलावती : काय झालं बापा? सांगा तं कोनी.

श्यामराव : पूजेचा नाडा. काल तू साऱ्या औजारायले बांधला न, लाल नाडा? गनीले बांधला तो घोड्यावरून गेला. आवळून गाठ मारली. घोडा दबलेला हाय.

कलावती : मंग?

वसुंधरा : पाइप लागताबरोबर पिन सुटली असती, आई. मी हात न लावता.

श्यामराव : तोंड कोनाकडं होतं तुह्या गनीचं?

वसुंधरा : ...आईकडं.

कलावती : माह्या मायबाई! रंध्याले बांधला, करवतीले बांधला, कुदळीले बांधला, म्हटलं याले कावून नाही? ते बी तं घरातलंच औजार. काल सारे चूपचाप पडून होते, कुंकू लावलं, फूल वाह्यलं. माह्या हातानं असं व्हावं?

श्यामराव : तुनं बांधला ते चुकलं नाही. जागा चुकली. इकडं आन. हे पाह्य, मागं, मुठीच्या खाली. इथं बांध. इथं बोट येत नाही, काही दबत नाही.

कलावती : तुमीच सांगा, मी बांधते. आवळू का?

श्यामराव : ढिला ठेव. पन पहिले कात्रीनं काप हे जुनं.

वसुंधरा : बाबा, मी सकाळपासून तुमाले भाषन देऊन राहिली. डोळे, बोट, तोंड. अन् मीच पाह्यलं नाही. आईले लागलं असतं. माह्याच हातानं.

श्यामराव : लागलं नाही न. रडू नको. तुही नजर माह्या हातावर होती, सकाळपासून. म्हनून औजारावर नव्हती.

वसुंधरा : तुमाले कसं दिसलं?

श्यामराव : मले तेवढंच काम हाय, बाई. आठ महिन्यापासून पाहूनच तं राहिलो.

कलावती : दे वं त्यायले. मी सांगून राहिली, दे.

वसुंधरा : ...चष्मा लावा. थांबा, काच पुसून देते. वर्षभराची धूळ हाय.

श्यामराव : पुसू नको लय, तिच्यावर प्लांटची धूळ हाय.

वसुंधरा : लावा गुपचूप. आता पाइप मी लावते. पाहा, घोडा मोकळा, तोंड जमिनीकडं. लागला. मी त्या बाजूनं कापड तानून धरते, हातभर दूर. तुमी मधातून सुरू करा, कोपरे मंग. जड वाटते का?

श्यामराव : हातोडीपेक्षा जड हाय. पन मुठीत बसली.

वसुंधरा : नाक टेकवा. हां. बाबा...

श्यामराव : काय?

वसुंधरा : डावा हात कुठं?

श्यामराव : मांडीवर.

वसुंधरा : पाहून सांगा, बाबा. डावा हात कुठं?

श्यामराव : थांब. पाहू दे. मांडीवर ठेवला होता मी. मांडीवर नाही. कापडाखाली गेला का? वसू, मले... मले मालूम नाही तो कुठं हाय.

वसुंधरा : खुर्चीच्या पट्टीवर हाय, बाबा. तुमी वाकले तसा कापडाखाली सरकला. पिनेच्या खालीच.

श्यामराव : ठेवतो मी गन. हे घे. तू बरोबर होती सकाळी. फेल झालो.

वसुंधरा : बांधून ठेवू का तो? दुपट्ट्यानं?

श्यामराव : हात का गठुडं हाय, बांधून ठेवायले? राहू दे, बेटा. सुखराम करीन खुर्ची. चांगली करते तो. माहं काय, मी आयकीन पडद्यामागून.

कलावती : सरका जरासे.

श्यामराव : कावून?

कलावती : सरका म्हटलं न. वसू, तो स्टूल दे इकडं, यायच्या डाव्या बाजूनं. हां. आना तुमचा हात. थंडागार हाय पाह्य कसा. आता हा माह्याजवळ राहीन, दोन्ही हातात. कुठं जाते ते पाहते मी.

श्यामराव : अवं, दुकान हाय हे. रस्त्यानं लोक जाऊन राहिले. सुखराम येईन.

कलावती : येऊ द्या. सिव्हिक सेंटरच्या बजारात नेत होते तं दहा पावलं समोर चालत. तीस वर्षांत एक डाव हात धरला नाही. आता मी धरला तं कोनाच्या बापाचं काय गेलं? अन् खुर्ची माही हाय. मले इचारा आता. मले तुमच्याच हातची पायजे.

वसुंधरा : घ्या, बाबा.

श्यामराव : ...दे.

वसुंधरा : बोट बाहेर. नाक टेकवा. डावा हात कुठं?

श्यामराव : तुह्या आईच्या हातात.

वसुंधरा : मारा.

श्यामराव : ...बस? एवढंच? ठोका नाही, काही नाही. 'फट' केलं अन् झालं.

वसुंधरा : सरळ बसली, बाबा. एकदम सरळ. मले पहिल्या दिवशी अशी नव्हती जमली.

श्यामराव : दोन बोटं सोडून दुसरी?

वसुंधरा : दोन बोटं सोडून. इथं जुना खिळा तं नाही?

श्यामराव : नाही. तो पुढं हाय, त्या डागाजवळ. तिथं जरा बाजूनं मारू.

वसुंधरा : डावा हात कुठं?

श्यामराव : हर पिनेले इचारशीन का आता?

वसुंधरा : तुमी इचारत होते.

श्यामराव : तिथंच हाय, बाई. सोडला नाही तिनं.