देवीची हिरवी साडी

मी उगाच कुणावर संशय घेत नाही, पण हे ऐका आणि तुम्हीच सांगा. लेकीच्या बाळंतपणासाठी मी देवीला हिरवी साडी बोलले होते. बाळ सुखरूप आलं, म्हणून नजरबाद भागातल्या एका साड्यांच्या दुकानात गेले. तिथे नवे दिवे बसवत होते. त्या पिवळसर उजेडात एक साडी अगदी हिरवीगार दिसली. म्हटलं, दारात नेऊन बघते. उन्हात नेली, तर ती मोरपंखी.

"नवसात खोट नको हं," मी मालकांना म्हटलं. "उन्हातही हिरवी दिसेल अशी दाखवा." तीही मिळाली. दिवे बसवणारा कानडी माणूस शिडीवरून ऐकत होता. म्हणाला, "अम्मा, देवी उन्हात बसते का?"

"नाही. गाभाऱ्यात, समईपाशी."

"मग तसंच बघा, नोडी." त्याने एकच पिवळा दिवा ठेवून बाकीचे मालवले. उन्हातली हिरवी वाळक्या पानासारखी दिसायला लागली आणि मोरपंखी पुन्हा हिरवीगार.

आता नवस कुठल्या साडीने फिटणार? मी दोन्ही घेतल्या. मालक शिडीकडे बघून हसले, ते मला खटकलंच. पण देवाच्या कामात वाईट मनात आणू नये, म्हणून पैसे देऊन निघाले.

परवा ब्लाउजपीस आणायला पुन्हा गेले. एक बाई हिरवी साडी बघत होत्या, आणि मालक स्वतःच त्यांना सांगत होते, "अम्मा, आधी जरा दारात, उन्हात नेऊन बघा की."